आकडा ठळक, अर्थ अधुरा

सकाळी घरी येऊन रक्त नेले जाते आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. सात-आठ पानांच्या त्या पीडीएफमध्ये एक-दोन आकडे ठळक अक्षरांत असतात, शेजारी ‘हाय’ किंवा ‘लो’ असा शेरा. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळालेली असते. तोवर तो आकडा बहिणीकडे, मैत्रिणीकडे आणि इंटरनेटवर फिरून येतो. प्रोलॅक्टिन वाढले म्हणजे मेंदूत गाठ, एएमएच कमी म्हणजे मूल होणे कठीण, टीएसएच पाचच्या वर म्हणजे जन्मभराची गोळी, असे निकाल एका रात्रीत लागून जातात. प्रत्यक्षात स्त्रीच्या रक्तातील हार्मोनचा आकडा हा त्या दिवसाचा, त्या वेळेचा असतो. रक्त कधी आणि कोणत्या परिस्थितीत घेतले हे माहीत नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. आणि नेमकी हीच माहिती बहुतेक रिपोर्टांवर नसते.

मुळात ‘नॉर्मल’ची मर्यादा ठरते कशी? निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, त्याला सामान्य मर्यादा म्हणतात. म्हणजे उरलेली पाच टक्के माणसे निरोगी असूनही या पट्ट्याबाहेरच असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकाच वेळी केल्या, तर ठणठणीत व्यक्तीचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सवलतीच्या दरातल्या ‘संपूर्ण तपासणी’ पॅकेजमध्ये काही ना काही बिघडलेले सापडतेच, त्याचे एक कारण या गणितात आहे.

स्त्रियांच्या बाबतीत त्यात पाळीच्या चक्राची भर पडते. इस्ट्रॅडिओल पाळीच्या सुरुवातीला कमी असते आणि स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या आधी अनेक पटींनी वाढते. एफएसएच आणि एलएच पाहायचे असतील तर रक्त साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्यायचे असते. प्रोजेस्टेरॉन मात्र पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी तपासावे लागते. २८ दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस असतो. पण ज्या स्त्रीची पाळी ३५ दिवसांनी येते, तिच्यासाठी तो अठ्ठाविसावा असतो. तिने एकविसाव्या दिवशी रक्त दिले, तर आकडा कमीच येणार आणि ‘स्त्रीबीज तयार होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघणार. रिपोर्टवर पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांच्या तीन-चार मर्यादा छापलेल्या असतात. त्यातली कोणती ओळ वाचायची, हे मात्र लिहिलेले नसते, कारण रक्त घेताना पाळीची तारीखच कोणी विचारलेली नसते. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर तर एफएसएच एका महिन्यात चढते, पुढच्या महिन्यात उतरते. म्हणूनच वयाच्या पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित होऊन अंगात उष्णतेच्या लाटा येऊ लागल्या, तर निदान लक्षणांवरून होते. त्यासाठी हा आकडा सहसा लागत नाही.

दुसरी अडचण औषधांची. ॲसिडिटीसाठी आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असते. हे डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवते. काही मानसिक आजारांवरील औषधांनीही ते वाढते. गर्भारपण, अंगावर पाजणे, कमी चालणारी थायरॉइड ग्रंथी, झोपेतून नुकतेच उठणे, एवढेच काय, सुईची भीतीही त्याला पुरते. काही स्त्रियांच्या रक्तात प्रोलॅक्टिन अशा जोडलेल्या रूपात फिरत असते, की ते चाचणीत मोजले जाते पण शरीरावर फारसा परिणाम करत नाही. गर्भवती नसलेल्या स्त्रीत वरची मर्यादा साधारण २५ नॅनोग्रॅम असते. ३५-४० चा आकडा आणि २०० च्या वरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात पिट्युटरी ग्रंथीवरील गाठीचा विचार लगेच करावा लागतो. पहिल्यात आधी औषधांची यादी पाहायची, मग शांत बसवून पुन्हा रक्त घ्यायचे. तरीही ॲसिडिटीच्या गोळीची चौकशी न होताच थेट एमआरआय सुचवला जाऊ शकतो.

केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिनचेही तसेच. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, तर या गोळ्यांत अनेकदा पाच ते दहा मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. चाचणीच्या काही पद्धतींमध्येच बायोटिन वापरलेले असते. त्यामुळे रक्तातील जादा बायोटिनने टीएसएच खोटे कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसू शकतात. थायरॉइड जास्त चालत असल्याचे हे हुबेहूब चित्र असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. चाचणीआधी किमान दोन दिवस ही गोळी थांबवली, तर हा घोळ टळतो. टीएसएच थोडेसेच वाढलेले आणि टी-४ नीट असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे. अनेकांत तो आकडा आपोआप खाली येतो. गर्भवतीला आणि मूल हवे असलेल्या स्त्रीला मात्र इतकी वाट पाहायला लावू नये.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा आकडा एएमएचचा. बीजांडकोशात किती स्त्रीबीजे उरली असावीत, याचा तो अंदाज देतो. आयव्हीएफच्या उपचारात औषधाचा डोस ठरवायला त्याचा उपयोग होतो. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रिया होत्या. एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. तरीही मुलाचा विचारही सुरू न केलेल्या तरुणीच्या हाती हा आकडा पडतो आणि घरात दोषाचे बोट तिच्याकडे वळते. पतीची वीर्यतपासणी तेव्हा झालेलीही नसते.

याचा अर्थ रिपोर्ट बाजूला टाकावा असा नाही. ‘टेन्शन घेऊ नका, सगळे ठीक आहे’ हे उत्तरही तितकेच घातक ठरू शकते. पाळी तीन-चार महिने बंद असणे, मूल पाजत नसताना स्तनातून दूध येणे, सततच्या डोकेदुखीबरोबर नजरेत बिघाड होणे, चेहऱ्यावर झपाट्याने केस वाढून आवाज घोगरा होणे, ही लक्षणे सोबत असतील तर आकडा गांभीर्यानेच घ्यायला हवा. चाळिशीच्या आत पाळी थांबून एफएसएच २५ च्या वर गेले असेल, तर बीजांडकोशाचे काम अकाली मंदावल्याची शंका येते. उपचार न झाल्यास हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. उलट बाजूही आहे. पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर केस असलेल्या स्त्रीचे टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आले, तरी पीसीओएस नाही असे म्हणता येत नाही. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर हा आकडा दबलेलाच असतो.

उपाय खर्चिक नाही. रक्त घेताना प्रयोगशाळेने तीन प्रश्न विचारावेत: शेवटची पाळी कधी आली, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ॲसिडिटीच्या आणि केसांच्या धरून. उत्तरे आणि रक्त घेतल्याची वेळ रिपोर्टवरच छापावी. डॉक्टरांनी किंचित बिघडलेल्या एकाच आकड्यावर दीर्घकाळची गोळी सुरू करण्याआधी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, चाचणी पुन्हा करून घ्यावी. डॉक्टरांनी न सांगता हार्मोनच्या चाचण्या पॅकेजमध्ये घालून विकणाऱ्यांनी अर्थ सांगण्याची जबाबदारीही घ्यावी. ती घेता येत नसेल तर त्या चाचण्या पॅकेजमधून काढाव्यात. हे सारे होईपर्यंत कॅलेंडरवर पाळीच्या तारखेभोवती पेनाने केलेली खूण आणि गोळ्यांच्या पाकिटांचा मोबाइलवर काढलेला फोटो एवढे तरी स्त्रीने डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावे. ठळक आकड्याचा अर्थ लावायला डॉक्टरांना तेच आधी लागणार आहे.