उपदेश पुरे झाला, आता ऐका!

देऊळघाटचा कोणी एक इसम दारूच्या नशेत शेजाऱ्याचे डोके फोडतो, बुलढाण्याच्या न्यायालयात उभा राहतो, काही दिवस कोठडीत काढतो आणि पैनगंगेकाठच्या आपल्या गावी परततो. हा इसम कोण, असे कोणी विचारू नये. तो आम्ही कल्पिला आहे, आणि तरीही तो गावोगावी आहे. या साऱ्या खटाटोपात त्याच्याशी किती जण बोलले आणि त्याला किती जणांनी बोलू दिले, एवढाच आमचा सवाल आहे. फौजदाराने दटावले, वकिलाने पढवले, न्यायाधीशांनी समज दिली, घरी वडीलधाऱ्यांनी कान उपटले. त्याने प्रत्येकापुढे मान डोलावली. आठ दिवसांत तो पुन्हा गुत्त्यावर दिसला, तर नवल ते कसले?

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एका लेखात या कोड्याची उकल मांडली. पुढे १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' हे त्या पद्धतीचे नाव. आम्ही तिला प्रेरक संवाद म्हणू. व्यसनी माणसाच्या मनात सोडावे आणि सोडू नये अशा दोन्ही बाजू नांदत असतात. आपण 'सोड' म्हणून हट्ट धरला, की तो दुसऱ्या बाजूची वकिली करू लागतो, आणि स्वतःचीच वकिली ऐकून स्वतःच पटवून घेतो! मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर, सल्लागार जितका अंगावर गेला तितके वर्षभरानंतरचे पिणे अधिक, असे आढळले. म्हणून हा संवाद करणारा विचारतो, 'शून्य ते दहा या मापात सोडण्याची निकड तुला किती वाटते?' 'तीन,' असे उत्तर आले, तर 'इतकी कमी का?' असे तो विचारत नाही. तो विचारतो, 'शून्य का नाही?' आणि मग त्या माणसाला आपली बायको, आपली मुले, आपली गेलेली मजुरी स्वतःच्याच तोंडाने सांगावी लागते.

हेच काम आठदहा माणसांच्या वर्तुळात करणे मात्र सोपे नाही. एकाने 'सगळे व्यर्थ आहे' म्हटले, की ती निराशा शेजाऱ्याला लागते. पण एकाने 'महिनाभर मी टिकलो' म्हटले, तर त्याचे मोल शंभर व्याख्यानांहून अधिक. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून समूहाचे हे बळ महाराष्ट्राला दाखवले आहे. बंद्यांवर विश्वास टाकण्याचा वारसाही परका नव्हे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, तिथे कैद्यांना तटबंदीवाचून राहू दिले. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्यातूनच उमलला. ज्या भूमीत हे घडले, तिथे या विचाराला विलायती म्हणून हिणवणे शोभत नाही.

'गुन्हेगारांचे हे लाड कशाला?' अशी हाकाटी होईलच. ज्याचे डोके फुटले, त्या शेजाऱ्याला आम्ही विसरलेलो नाही. त्याला भरपाई मिळालीच पाहिजे; पण त्याला सर्वांत अधिक हवे आहे ते हे, की पुन्हा काठी उगारली जाऊ नये. हा संवाद रामबाण आहे, असा आमचा दावा नाही. गुन्हेगारांपुरते पाहिले, तर माणूस उपचारात टिकून राहतो याला काही आधार सापडतो. गुन्हे किती घटतात, याविषयी निष्कर्ष एकसारखे नाहीत. नुसत्या दटावणीचा हिशेब मात्र इतक्या प्रामाणिकपणे कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

कायद्यात वाव पुष्कळ आहे. १९५८ चा परिवीक्षा अधिनियम चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याची मुभा देतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा हीही शिक्षा ठरवली आहे, आणि दारूच्या अमलात सार्वजनिक जागी गैरवर्तन करणाऱ्यासही ती देता येते. तेव्हा झाडू हाती देऊन मोकळे होण्यापेक्षा त्या माणसाला आठवड्यातून एक तास वर्तुळात बसवावे.

मात्र त्यासाठी आमच्या दोन अटी आहेत, आणि त्यांवर आम्ही तडजोड करणार नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे लोक! अशांना खटल्यातील घटनेविषयी एक अक्षरही विचारू नये, आणि वर्तुळातील बोलण्याची नोंद पोलिसांपर्यंत वा न्यायालयापर्यंत जाऊ नये. हजेरी कळवली तेवढी पुरे. सुटकेची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यापुढे कोणता बंदी खरे बोलेल? दुसरी अट गावची आहे. देऊळघाटासारख्या गावात सर्वांना सर्वांचे नातेगोते ठाऊक असते. फिर्यादीचा मावसभाऊच शेजारी येऊन बसायचा! म्हणून बैठक गावच्या चावडीवर नव्हे, बुलढाण्यात भरावी, कोणाला कोणाशेजारी बसवायचे हे आधी पारखून घ्यावे, आणि गावाहून येणाऱ्याचे एसटीचे भाडे सरकारने सोसावे. मजुरी बुडवून पदरचे भाडे भरायला लावले, तर तो दुसऱ्या आठवड्याला येणार नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली, दहा खुर्च्या आणि हे शास्त्र नीट शिकलेली दोन माणसे, एवढीच आमची मागणी आहे. ती मान्य करण्यास अडचण कोणती, हे सरकारने जाहीरपणे सांगावे.