भुताचा सिनेमा नको, पण भुताची बातमी चालते?

परवा आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांची बैठक होती. चहा झाल्यावर विषय निघाला अंधश्रद्धेचा. एक ज्येष्ठ सहकारी तावातावाने म्हणाले, "हे भुताखेताचे सिनेमे आधी बंद करा, पोरं बिघडली त्यानं." सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन मोबाईल उघडला, तर याच साहेबांच्या यूट्यूब चॅनलवर नवा व्हिडिओ. स्मशानाजवळच्या वळणावर रात्री दोन वाजता काय दिसलं? पुढे तीन प्रश्नचिन्हं आणि फोटोवर लाल गोल.

हसू आलं आणि रागही आला. म्हणून हे लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी कबूल करतो, मला भीतीचे सिनेमे लय आवडतात. शाळेत असताना भाड्याच्या व्हीसीआरवर रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' पाहिला. त्यातला सामरी बघून रात्री एकट्यानं परसात जायची हिंमत होईना. पण ती भीती सकाळी चहाबरोबर उतरली. पुढे कळलं, की जी भीती आठवडाभर उतरत नाही ती वेगळी असते. तसे माझे आवडते तीन सिनेमे आहेत. शेवट सांगणार आहे, पाहिले नसतील तर आधीच सावध करतो.

पहिला, जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८ चा. मढी उठून माणसं खायला लागलीत आणि काही लोक एका शेतातल्या घरात अडकलेत. त्यातला बेन हा काळा माणूस डोकं शांत ठेवून रात्रभर झुंजतो आणि जगतो. सकाळी बंदुका घेतलेली माणसं मदतीला येतात, त्यांना खिडकीत हालचाल दिसते आणि ते लांबूनच त्याला गोळी घालतात. विचारायला कुणी पुढे होत नाही. अमेरिकेत ज्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच वर्षी हा सिनेमा लागला. मढ्यांची भीती मी विसरलो. ती सकाळ विसरलो नाही.

दुसरा आपला मराठी, विशाल फुरियाचा 'लपाछपी'. दिवस भरत आलेली नेहा उसाच्या फडात दडलेल्या घरात येऊन राहते. तिथल्या तुळसाबाई तिचं सगळं प्रेमानं करतात. उषा नाईकांनी ती बाई अशी उभी केलीय, की तिच्या मायेचीच धास्ती वाटायला लागते. पुढे कळतं, या घरानं मुलींचं काय केलंय. हे पडद्यावरच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण २०११ च्या जनगणनेत एकट्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. बाकीच्या मुली कुठे गेल्या, हे काय भुताला विचारायचं?

तिसरा 'तुंबाड', राही अनिल बर्वेचा, २०१८ चा. सिनेमा हिंदी, पण वाडा, पाऊस, माणसं आपली. हस्तर दिसतो तेव्हा दचकायला होतंच. पण मला खरी भीती वाटली ती बाप पोराला सोनं चोरायला शिकवतो तेव्हा. पोरगा बापाहून पुढची चाल सांगतो आणि बापाच्या डोळ्यांत कौतुक दिसतं.

आता मला सांगा, या तिघांपैकी कोणता सिनेमा म्हणतो की भुतं आहेत, जपून राहा? तिन्ही सांगतात, माणसांकडे बघा. घाबरलेल्या माणसांकडे, घराण्याचा वंश चालवणाऱ्यांकडे, हावरटांकडे. अंधश्रद्धा यातून वाढत नाही. ती वाढते आमच्या बातम्यांतून.

१ जुलै २०१८ आठवतो का? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. रोमेरोच्या सिनेमातली सकाळ ती हीच.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. पत्रकारितेची पदविका घेऊन नुकताच तालुका प्रतिनिधी झालो होतो. एका गावात घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात अशी चर्चा होती. मी गेलो, चार माणसांशी बोललो आणि बातमी दिली. गावात भानामतीचा कहर? पुढे एक प्रश्नचिन्ह. वाटलं, प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे आपण सुटलो. पहिल्या पानावर चार कॉलम लागली. संपादकांचा शाबासकीचा फोन आला.

दुसऱ्या दिवसापासून टेम्पो भरभरून माणसं ते घर बघायला यायला लागली. मग 'करणारी कोण' याचा शोध सुरू झाला. वस्तीच्या टोकाला एक विधवा राहायची, बोट तिच्याकडे गेलं. हापशावर तिला पाणी भरू देईनात, दुकानदार मीठसुद्धा देईना. शेवटी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आले, घरातल्या एकेकाशी वेगळं बसून बोलले. त्या घरातल्या मुलीची शाळा बंद करून लग्न ठरवलं होतं. दगड तीच टाकत होती, कपडेही तीच पेटवत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं.

खुलासा छापून आला सहाव्या पानावर, दोन इंच. तोवर ती विधवा बोचकं बांधून भावाकडे निघून गेली होती. मी तिला भेटायला कधीच गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्यानंतर चारच दिवसांत सरकारनं जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला. डिसेंबरात कायदा झाला. त्यात करणी-भानामतीचा प्रचार करणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्यापैकी किती जणांनी तो वाचलाय? बाबाच्या जाहिराती घेताना कुणाला आठवतो का?

म्हणून सहकाऱ्यांना जाहीर विनंती. अशी बातमी आली तर आधी डॉक्टरशी बोला, पोलीस ठाण्यात विचारा, त्या घरातल्या पोरीबाळींशी बोला. संशय ज्या बाईवर आहे तिचं नाव सोडा, वस्तीसुद्धा छापू नका. आणि चूक झाली तर खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच आकारात लावा. माझा लागला नव्हता, म्हणून सांगतोय.

सिनेमा तीन तासांत संपतो, दिवे लागतात, माणूस घरी जातो. आम्ही ज्या बाईवर बोट दाखवलं, तिनं कुठल्या घरी जायचं?

पटलं नाही तर खाली भांडा, उत्तर देईन. बैठकीतल्या त्या साहेबांनीही यावं. आधी तो व्हिडिओ मात्र काढून टाकावा.