श्रमाची मात्रा

वेल्ह्याचा तोरणा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच असून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील एका कठोर शिबिरास त्याचेच नाव दिलेले आहे. ज्या मुलखाच्या डोंगरांनी शिवकाळापासून शिपायांच्या पायांची परीक्षा घेतली, तेथील तरुणांना सहनशक्तीचे माहात्म्य सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु सैन्य आणि पोलीस भरतीच्या आशेने भोर-वेल्ह्याच्या डांबरी सडकांवर पहाटे धावणाऱ्या या मुलांना श्रमाची मात्रा किती असावी हे मात्र क्वचितच कोणी सांगते, आणि या हयगयीचे मोल त्यांच्या हाडांना द्यावे लागते.

भार वाढला की शरीर प्रथम जुने अस्थिद्रव्य काढून टाकते आणि मग कित्येक आठवडे सावकाश नवे भरत राहते. या मधल्या दुर्बल काळात अंतर व वेग एकदम वाढविले, तर नडगीस सूक्ष्म तडा जातो. १८५५ साली ब्रायटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी शल्यवैद्याने सैनिकांच्या सुजलेल्या पावलांवरून अशाच विकाराचे वर्णन केले. आरंभीच्या क्ष-किरण चित्रात हा तडा पुष्कळदा दिसत नाही, आणि म्हणूनच दुखणे सांगणारा जवान कामचुकार ठरण्याचे भय आजही उरलेले आहे.

वैमानिकाच्या बाबतीत मात्र व्यवस्था निराळी आहे. लोहगावच्या हवाई तळावरील सुखोईसारखे लढाऊ विमान तीव्र वळण घेते तेव्हा शरीरावरील भार गुरुत्वाच्या नऊपटीपर्यंत जाऊन ७० किलोचा देह ६३० किलोचा भासतो, रक्त पायांकडे ओढले जाते, आणि दाबाचा पोशाख व स्नायू आवळून श्वास घेण्याची रीत यांची जोड नसेल तर शुद्ध हरपते. म्हणून निव्वळ धैर्याच्या भरवशावर न सोडता बंगळूरच्या हवाई वैद्यक संस्थेत वैमानिकास चक्राकार यंत्रात फिरवून तयार केले जाते. जी दक्षता आकाशात, ती जमिनीवर का नसावी?

सैन्याच्या प्रशिक्षणातच अपंगत्व येऊन घरी पाठविलेल्या अधिकारी-छात्रांची संख्या १९८५पासून सुमारे ५०० सांगितली जाते. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयास ऑगस्ट २०२५मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. छात्रांची जर ही अवस्था, तर भरतीआधीच जायबंदी होणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाची नोंद कोणत्या दफ्तरात व्हावी?

तेव्हा दोन्ही तालुक्यांत मातीची मैदाने, भार क्रमाने वाढविणारा जाणता प्रशिक्षक आणि सरकारी दवाखान्यात या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस तपासणी, एवढी तजवीज प्रशासनाने करावी. मुलांनीही हे ध्यानी धरावे की विश्रांती हा तालमीचाच भाग आहे, आणि बोट ठेवताच एकाच जागी दुखणारी नडगी घेऊन धावू नये. प्रथम वैद्यास दाखवावे.