बोलावयास कुणीतरी हवे

परदेशी विद्यार्थ्यांशी आठवड्यातून तासभर इंग्रजीत गप्पा मारावयास याल का, असे आपल्या मंडळींना विचारले की उत्तर ठरलेले असते. "अहो, आमचे इंग्रजी ते काय! ते काम प्राध्यापकांचे." ज्या गृहस्थांनी पस्तीस वर्षे बँकेत इंग्रजीतून पत्रव्यवहार केला तेही हेच म्हणतात, आणि ज्यांच्या सुना-नातवंडांशी अर्धे बोलणे इंग्रजीत चालते त्या भगिनीही हेच म्हणतात. यात विनय थोडा व संकोच अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या बडोद्यात ही मुले येतात त्याला कारण आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी. १९५० साली मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर काही येतात, काही स्वखर्चाने. कुणी अफगाणिस्तानातून, कुणी पूर्व आफ्रिकेतून, कुणी अरब देशांतून. कागदावरचे इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी येते. परंतु दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. वर्गात ऐकावयाचे असते, बोलावयाचे नसते. वसतिगृहात देशबांधवांशी स्वभाषा. मंगळबाजारात आणि रिक्षात गुजराती नाही तर हिंदी. इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाच्या तोंडून दिवसाकाठी इंग्रजीची दहा वाक्ये बाहेर पडली तरी पुष्कळ!

याचा परिणाम परीक्षेपुरताच असता तर हा लेख लिहिला नसता. आमच्या ओळखीचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी पोटदुखीने हैराण होऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी आपल्याकडील रीतीप्रमाणे विचारले, "मोशन कसे आहे?" मोशन म्हणजे गती, एवढेच त्या बिचाऱ्याला ठाऊक! न्यूटनचे नियम त्याला तोंडपाठ होते, पण प्रश्नाचा रोख कळेना. म्हणून त्याने सर्व प्रश्नांना "येस, येस" म्हटले आणि औषध घेऊन परतला. दुखणे तीन दिवस लांबले. न कळताही 'हो' म्हणण्याची ही सवय परमुलखात अंगी लागते. घरमालकाच्या करारावर सही करतानाही ती सुटत नाही. 'आउट ऑफ स्टेशन', 'लाख', 'क्रोर', 'गुड नेम' हे आपले इंग्रजी कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडणार? ते आपल्याकडेच आहे. म्हणून लंडनचे उच्चार येत नाहीत ही उणीव मानण्याचे कारण नाही. या मुलांना ज्यांच्यात राहावयाचे आहे, त्यांचेच इंग्रजी हवे आहे.

या गावाला हे काम नवीनही नाही. श्रीअरविंद १८७९ साली वयाच्या सातव्या वर्षी विलायतेस गेले आणि १८९३ साली परतून बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. इंग्रजी, ग्रीक व लॅटिन या भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. परंतु जन्मभाषा बंगाली बोलण्याचा सराव मात्र नव्हता. तेव्हा १८९८ साली दीनेंद्रकुमार राय हे बंगाली लेखक बडोद्यास येऊन त्यांच्या घरी राहिले. रीतसर धडे असे नव्हतेच. सोबत राहावे आणि बोलावे, एवढेच. एवढ्या मोठ्या पंडितालाही बोलावयास माणूस लागला, तर काबूलहून आलेल्या विशीतल्या पोरीला लागला यात नवल ते काय?

प्रत्यक्ष काम मात्र वाटते तितके सोपे नाही. अवघड भाग बोलण्याचा नाही, गप्प बसण्याचा आहे. प्रश्न विचारल्यावर मुलगा थांबतो, छताकडे पाहतो. तो मनात वाक्य जुळवीत असतो. आपण दयेपोटी लगेच शब्द पुरवितो आणि त्याची खटपट वाया जाते. मनात दहा आकडे मोजावेत. दुसरी खोड चुका काढण्याची. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पेन'चे 'बेन' होते. 'मी विद्यार्थी' म्हणताना तीत 'आहे' लागत नाही, म्हणून इंग्रजीतही ते गळते. काबूलकडील दरी ही फारसीचीच बोली. तीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. स्वाहिलीतही तेच. त्यामुळे "माय सिस्टर, ही इज अ डॉक्टर" असे ऐकू आले तर हसू नये. आपणही 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच 'व'वर भागवितोच की! "अच्छा, व्हेअर डज शी वर्क?" असे उलट विचारावे. योग्य शब्द कानावर पडतो, मान खाली जात नाही, आणि चार-सहा खेपांनी 'शी' आपोआप जिभेवर येते.

घरच्यांची चौकशी जपून करावी. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद झाली. त्या सुमारास येथे असलेल्या मुलींना "सुट्टीत घरी कधी जाणार?" हा आपला नेहमीचा साधा प्रश्न साधा राहिला नाही. त्यांनी स्वतः विषय काढला तर ऐकावे. न काढल्यास भाजीपाल्यावर बोलावे. राजकारण आणि धर्म यांवर त्यांची परीक्षा घेण्याची हौस असणाऱ्या काकांना त्या वेळी फिरावयास पाठवावे, हे उत्तम.

समोरासमोर खुर्च्या टाकून बसले की मुलाखतीसारखे होते आणि जीभ अडखळते. हात कामात गुंतले की ती सैल होते, असा आमचा अनुभव आहे. मटार सोलताना किंवा दिवाळीच्या करंज्यांना मुरड घालताना या मुली जेवढे बोलल्या तेवढे पुस्तक उघडून कधी बोलल्या नाहीत. दरीत वडिलांच्या भावाला 'काका' आणि आईच्या भावाला 'मामा'च म्हणतात, हा शोध असाच पिठाच्या हातांनी लागला. दरवाजा, कागद, जमीन, शहर हे शब्दही दोहोंकडचे निघाले. मग तासभर इंग्रजी बाजूला राहिले. आम्ही ते राहू दिले.

विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची व्यवस्था पाहणारे कार्यालय आहे; ओळख त्यांच्यामार्फत करून घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना निर्धास्त वाटते. पहिल्या खेपेस दोघींना मिळून बोलवावे, एकटीस नव्हे. वेळ ठरवून घ्यावी आणि पाळावी. घरी लग्नकार्य निघाले तर आधी कळवावे, कारण ही मुले निरोप न मिळाल्यास दारात येऊन परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. आमच्याकडे शनिवारी चार वाजता तिघी येतात. त्यांच्या वसतिगृहातील आणखी दोघींना यावयाचे आहे. त्यांच्यासाठी रावपुरा किंवा दांडिया बाजार या बाजूस एक घर हवे आहे.