गृहिणीला रविवार कधी?

पाठदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी हल्ली हमखास विचारतो, ‘आठवड्यात सुटी किती?’ दुकानदार मंडळी हसतात. २०१७ च्या दुकाने कायद्याने राज्यात सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्यात नोकराला आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती बंधनकारक आहे, हे मात्र सोयीस्कर विसरले जाते. मालकाला तर सुटी देणाराच कोणी नाही!

ही सुटी आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले.

आणि गृहिणी? सगळे घरी म्हणजे तिला दुप्पट काम. मटण, पाहुणे, आठवड्याचे धुणे. आपल्याकडे कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. घरातल्या बाईसाठी मात्र असा वार नाही, याची लाज वाटायला हवी. निदान रविवारी दुपारनंतर तिने ओट्याकडे फिरकू नये. रात्रीची खिचडी मुलांनी किंवा त्यांच्या वडिलांनी लावावी. करपली तरी चालेल.