नोटरीच्या कागदावर घर नको

जून उजाडला की पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्यांची धांदल उडते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत येणारा परभणीचा मुलगा असो की हिंजवडीत पहिल्या नोकरीवर रुजू होणारी कोल्हापूरची मुलगी, ‘बॅचलरला देत नाही’ हे दोघांनाही ऐकावं लागतं. एखादा मालक तयार झालाच, तर ती जागा हातची जाऊ नये म्हणून डिपॉझिट आणि एजंटची दलाली मुकाट्याने मोजली जाते आणि समोर येईल त्या कागदावर सही होते.

तो कागद पुष्कळदा नुसता नोटरी केलेला असतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज घट्ट रुजला आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात अल्प मुदतीच्या भाडेपट्ट्याला तशी सवलत आहेही. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बुजवली. मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. इतकं भक्कम संरक्षण किती भाडेकरूंना ठाऊक असतं?

खर्चाची सबबही टिकत नाही. पंधरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने: मुद्रांक शुल्क जेमतेम सव्वाचारशे रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी हजार. आधार आणि बोटांच्या ठशांवर घरबसल्या नोंदणी होते.

खरी पंचाईत होते घर सोडताना. रंगकाम, साफसफाई, भिंतीतला खिळा अशी कारणं निघतात आणि डिपॉझिट अडकतं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे, पण तो केवळ नमुना. राज्यांवर बंधनकारक नाही. महाराष्ट्राने निदान हे कलम तरी उचलावं. आणि ऑनलाइन नोंदणीच्या वेळीच घराचे फोटो, सामानाची यादी आणि डिपॉझिट परतीची तारीख भरणं सक्तीचं करावं.