मिठाचा दिवा की उघडी खिडकी?

हल्ली वास्तुशांतीला गेलं की हॉलच्या कोपऱ्यात एक गुलाबी-केशरी दगड मंद उजळलेला दिसतो. हा मिठाचा दिवा. कुणी पुण्याहून आणलेला, कुणी ऑनलाइन मागवलेला. ‘यानं हवा शुद्ध होते, दमासुद्धा कमी होतो,’ असं कौतुकानं सांगितलं जातं. दिवा सुरेख दिसतो, यात वाद नाही. रात्री डोळ्यांना न खुपणारा उजेड हवा असेल तर जरूर लावावा. पण हवेचं काय?

हा दगड म्हणजे आपलं सैंधव, उपवासाला वापरतो तेच शेंदेलोण. पाकिस्तानातली खेवड्याची खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. २ मे २०२५ पासून भारताने पाकिस्तानी मालाची आयातच बंद केली आहे. तेव्हा दिव्यावर ‘अस्सल’ लिहिलेलं दिसलं तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

दावा असा की बल्ब तापला की मिठातून ऋण आयन निघतात आणि हवा स्वच्छ करतात. आता बघा, मीठ वितळायलाच ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. १५ वॅटच्या बल्बनं दगड जेमतेम कोमट होतो. त्यानं खोलीची हवा शुद्ध होते, याला शास्त्रीय पुरावा नाही. उलट श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसं या दिव्यालाही सुटतं. ते वायरीत उतरलं तर शॉकची भीती. अमेरिकेत २०१७ मध्ये एका दुकान-साखळीने असे सुमारे ८० हजार दिवे परत मागवले होते. बटण तापून शॉक बसण्याचा, आग लागण्याचा धोका होता म्हणून!

मग घरातली हवा बिघडते कशानं? सगळ्यात आधी धुरानं. लातूर-नांदेडच्या खेड्यांत, शहरांच्या कडेच्या वस्त्यांत आजही तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या जळतात. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर दारात आला. पण तो संपला आणि हाती पैसे नसले की बाई पुन्हा फुंकणी घेऊन चुलीपुढं बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा प्रदूषणानं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली.

गॅसवाल्या घरांनीही निश्चिंत राहू नये. डासांची एक कॉइल जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. आपण ती दारं-खिडक्या लावून, लेकरांच्या उशाशी लावतो! वर उदबत्ती, धूप आणि फोडणीचा ठसका आहेच.

जुन्या माळवदाच्या घरात निदान धूर जायला वर झरोका असायचा. आता स्लॅबच्या घरात हॉलला मोठी काचेची खिडकी आणि स्वयंपाकघर मागं, शेजारच्या भिंतीला चिकटून. दिवसाचे चार-पाच तास तिथं राबते बाई. पण नकाशा काढताना ‘खिडकी कुठं हवी?’ असं तिला कुणी विचारतं का? घर सगळ्यांचं, ठसका मात्र तिचा एकटीचा.

म्हणून मैत्रिणींनो, दिव्याचे हजार-दीड हजार हातात असतील तर आधी ओट्यावर एक्झॉस्ट फॅन बसवा. खिडकीला डासांची जाळी लावा आणि ती सकाळ-संध्याकाळ उघडा. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरा. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हिशेबासोबत, कुणाचा सिलिंडर भरायचा राहिलाय, हेही विचारा. गटातून तेवढी उचल सहज देता येते.

आणि घर बांधायला काढलं असेल, तर मिस्त्रीसमोर उभं राहून ठणकावून सांगा, ‘ओट्यासमोर खिडकी पाहिजे.’ दिवा काय, नंतरही घेता येईल.